पायाखालचं अंडं

३ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.१०

आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाच्या व्हॉल्व्हवरची टोपी नाहीशी झाली आहे. तीन चाकं टोपी घालून सभ्यपणे उभी आहेत आणि चौथं बोडकं. ज्याने कोणी ती नेली, त्याने हरभऱ्याएवढ्या प्लॅस्टिकसाठी एका सुसंस्कृत कुटुंबाच्या इंधनव्यवस्थेला सुरुंग लावला आहे, याची त्याला कल्पना असेल असं वाटत नाही. टोपी नाही म्हणून हवा झिरपते, हवा कमी म्हणून चाक जड, चाक जड म्हणून पेट्रोल जास्त. कार्यकारणभाव स्वच्छ आहे.

गेल्या टाकीचा अ‍ॅव्हरेज लिटरला साडेबारा किलोमीटर. टाकी फुल्ल करायची, मीटरचा आकडा टिपायचा, पुन्हा फुल्ल करायची आणि भागाकार करायचा. यात चुकीला वाव नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाकडे हीच गाडी, हेच साल, हाच रंग. त्याला सतरा मिळतो. हे तो रोज सांगतो. मी मनातल्या मनात त्याला 'सतरा'च म्हणतो.

एक नोव्हेंबरला मुलगी नोकरीवर परत रुजू होणार. बाळंतपणापासून अडीच वर्षं घरी होती, आता बँकेने पुन्हा घेतलं. नातीला सकाळी साडेआठला पाळणाघरात सोडण्याचं काम माझ्याकडे आलं आहे. जावई पहाटेच्या पाळीला जातो, बायकोची शाळा सातची, मुलीला सव्वाआठच्या बसशिवाय गत्यंतर नाही, आणि गाडी चालवता येणारा रिकामा मनुष्य मी एकटा. हात मीच वर केला होता. सबब संकल्प : महिनाअखेर गाडी ठणठणीत आणि अ‍ॅव्हरेज सतरा.

बायकोचं म्हणणं, गाडीला काही धाड भरलेली नाही, तुम्हीच हल्ली फार दाबता.

५ ऑक्टोबर, बुधवार

गॅरेजवाल्या मेस्त्रीकडे जाऊन आलो. हवा चारही चाकांत बरोबर निघाली, बोडक्यातसुद्धा. त्याने एअर फिल्टर झटकला, प्लग काढून दाखवले, ऑइलची पट्टी पुसून, बुडवून, पुन्हा माझ्या नाकासमोर धरली. म्हणाला, साहेब, ही तुमच्या-माझ्यापेक्षा निरोगी आहे.

मग मी मूळ तक्रार मांडली. अ‍ॅक्सिलरेटर बधिर झाला आहे. पाय ठेवला तर किती दाबला ते कळत नाही, आणि मग गाडी एकदम उसळते. मेस्त्रीने वाकून पेडल हाताने दाबलं. लोण्यासारखं आहे म्हणाला. तरी माझ्या समाधानासाठी केबलमध्ये थोडं तेल सोडलं.

येताना गाडी तीनदा उसळली. तेल मुरायला वेळ लागत असावा.

८ ऑक्टोबर, शनिवार

निदान सापडलं. दोष बुटांचा आहे. माझे बूट जाड तळव्याचे, म्हणून पेडलचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. पातळ तळव्याचे, बिनलेसचे, मऊ बूट घेतले. दुकानदाराने विचारलं, पंज्याला घट्ट होतात का. मी म्हणालो, अजिबात नाही. तो म्हणाला, अहो, पण डाव्याचं विचारतोय, उजव्याचं विचारतोय, दोन्हींना तुम्ही एकाच सुरात नाही म्हणताय, जरा चालून बघा. चालून बघितलं. छान वाटले. म्हणजे, वाईट वाटले नाहीत.

११ ऑक्टोबर, मंगळवार

काल ऑफिसच्या जिन्यात एक बूट निघाला. निघाला असावा. मी दुसऱ्या मजल्यावर पोचलो, टेबलाशी बसलो, पत्राचा मसुदा हातात घेतला. (विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात मी चोवीस वर्षं लोकांना नकार कळवतो. सुवाच्य आणि सविनय.) तेवढ्यात शिपाई उजवा बूट घेऊन आला आणि भर खात्यात विचारता झाला, साहेब, हा तुमचाच ना.

सतरा म्हणाला, बूट गेल्याचं पायाला कळवायचं राहिलं वाटतं, एक पत्र टाका. लोक हसले. मीही हसलो. विचारात होतो असं सांगितलं. वस्तुतः कसलाच विचार करत नव्हतो.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार

एसी बंद. सिग्नलला इंजिन बंद. डिकी रिकामी केली : दोन घडीच्या खुर्च्या, छत्र्या तीन, आणि संस्कृत कोशाचे दोन खंड, जे मला कॉलेजात बक्षीस मिळाले होते आणि वाटेत कधी अडलंच तर हाताशी असावेत म्हणून डिकीत होते. काट्यावर खंड सात किलो भरले. इतकी वर्षं पेट्रोल कोण पीत होतं ते आज कळलं.

टाकी भरली. भागाकार केला. बारा पूर्णांक एक.

विद्या उतरवून ठेवल्याने अ‍ॅव्हरेज घसरतो, असा निष्कर्ष निघतो. तो मी काढत नाही.

१६ ऑक्टोबर, रविवार. दुपारी

जावयाचा फोन. त्याला ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी शिकवलं होतं की पाय आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्यामध्ये अंडं आहे असं समजायचं. अंडं फुटेल इतकं दाबायचं नाही. पेट्रोल आपोआप वाचतं. जावई वयाने लहान आहे, पण सूत्र चांगलं आहे. उणीव एकच : 'समजायचं'. समजण्यावर मी आयुष्यात फार काळ काढला. साधना प्रत्यक्ष हवी.

स्वयंपाकघरात खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. भिंतीला पाट तिरका टेकवला, त्यावर घडी केलेला नॅपकिन, नॅपकिनवर अंडं, अंड्यावर उजवा पाय, अनवाणी. स्टीअरिंग म्हणून दोन्ही हातांत वर्तमानपत्र. नजर समोर. क्लच काल्पनिक.

पहिली पाच मिनिटं जड गेली. नंतर लय सापडली. अग्रलेख झाला, पत्रं झाली, राशिभविष्य झालं. पाय हलका, श्वास संथ. इतका संयम मला कधी साधला नव्हता. बायको पाणी प्यायला आली, थांबली आणि म्हणाली, अहो, फुटलंय.

खाली बघितलं. बोटांच्या फटींतून पिवळं आलं होतं.

कधी, तिने विचारलं. आत्ताच, म्हणालो. तिने वाकून कडेला बोट लावलं. आत्ता कुठलं, कड वाळलीय, म्हणाली. मी म्हणालो, मला कळलं होतं, किती वेळात वाळतं ते बघत होतो. दुसरं अंडं मागितलं तर ती फडकं घेऊन आली. फरशी पुसायला आली असेल असं मला वाटलं, पण तिने आधी माझा पाय पुसला, एकेक बोट वेगळं करून, आणि वर माझ्याकडे बघत राहिली.

अंडं जुनं होतं. जुन्यांची कवचं पातळ असतात.

१९ ऑक्टोबर, बुधवार

बायकोच्या मते पायात रक्त खेळत नाही. शेकायला तिने टबात पाणी आणून ठेवलं, अजून गार पाणी मिसळायचं आहे, थांबा, असं सांगून आत गेली. मी थांबलो नाही. उजवा पाय घातला. बरं वाटलं. मग डावा घातला आणि ओरडलो. उजवा तोवर अर्धं मिनिट तरी आत होता.

आता घोट्यापर्यंत लाल आहे. रेघ आखल्यासारखा. बायकोने मलम लावलं आणि बराच वेळ ट्यूबचं झाकण लावत बसली.

शास्त्रात याला तितिक्षा म्हणतात : शीत आणि उष्ण समभावाने सोसणे. त्यासाठी लोक घरदार सोडतात. माझा एक पाय तिथे पोचला आहे. दुसरा मागे रेंगाळतो आहे.

२० ऑक्टोबर, गुरुवार

गाडीत नवा आवाज. टक्. फक्त पेडलला पाय लावताना. ब्रेकला टक्, अ‍ॅक्सिलरेटरला टक्. क्लच गप्प. केबलच असणार. मी आधीच म्हणत होतो.

संध्याकाळी : आवाज घरातही येतो. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाताना आठ वेळा मोजला. नळ गळत असावा.

२२ ऑक्टोबर, शनिवार

गॅरेज. मेस्त्री टॉर्च घेऊन स्टीअरिंगखाली उताणा शिरला, मी सीटवर. म्हणाला, दाबा. टक्. पाय काढा, म्हणाला, आणि स्वतःच्या हाताने दाबलं. शांत. पुन्हा तुम्ही. टक्. पुन्हा मी. शांत. मला विजयाची चाहूल लागली होती.

मग त्याने मला बाहेर बोलावून स्टुलावर बसवलं आणि माझा उजवा पाय चाक उचलतात तसा गुडघ्यावर घेतला. तळव्यात ड्रॉइंग पिन होती. आमच्या नोटीस बोर्डावरची, पितळी, लांब टोकाची. आवाज गाडीचा नाही साहेब, म्हणाला, बुटाचा आहे. पकडीने ओढली. बूट काढला. मोजा तळाशी तपकिरी होऊन कडक झाला होता.

दुखलं नाही का, त्याने विचारलं. मी म्हणालो, तळवे पातळ आहेत, या बुटांत असं होतं. त्याने मान हलवली. हात साबणाने दोनदा धुऊन आला, जखमेला औषध लावलं, पट्टी बांधली. पट्टी फार सुबक बांधली. त्याला कुठे शिकलात विचारलं, तर म्हणाला, म्हाताऱ्याच्या पायाला सहा वर्षं बांधत होतो. बापाच्या. त्याचंही असंच चपलेपासून सुरू झालं. साखर बघून घ्या साहेब. तोवर गाडी हवी तर इथेच ठेवून जा, जागा आहे.

गाडी घेऊन आलो. जागा आमच्याकडेही आहे.

संकल्प : चहात साखर अर्धा चमचा कमी.

२४ ऑक्टोबर, सोमवार

नवी पद्धत सुरू. ब्रेकच्या पेडलवर पांढरी चिकटपट्टी लावली. दर चौकाआधी खाली एक दृष्टिक्षेप : पट्टीवर बूट आहे ना. असला की पुढचं. पद्धतीत शिस्त आहे. आज बायको शेजारी होती. दुसऱ्या चौकात म्हणाली, समोर बघा. तिसऱ्या चौकात म्हणाली, अहो, रस्ता समोर आहे, खाली काय हरवलंय. चौथ्या चौकात उतरून चालत गेली. भाजी घ्यायची आहे म्हणाली. पिशवी तिने नेली नव्हती.

टाकी : अकरा पूर्णांक चार.

२५ ऑक्टोबर, मंगळवार

कंपनीचा डॉक्टर वर्षातून एकदा ऑफिसात येतो. मीटिंगच्या खोलीत पडदा लावतात, आम्ही ओळीने जातो. एरवी वजन, ब्लडप्रेशर, सही. पण बोट टोचून रक्ताचा थेंब बघितल्यावर त्याने माझे मोजे काढायला लावले. भाजल्याचा डाग बघितला, पट्टी बघितली. म्हणाला, डोळे मिटा, कापूस लागला की 'लागला' म्हणा.

मी परीक्षांना घाबरणाऱ्यांतला नाही. ठरावीक अंतराने, आत्मविश्वासाने म्हणत गेलो. लागला. लागला. लागला. सहा वेळा. डोळे उघडले तर डॉक्टर हात मागे बांधून खिडकीशी उभा होता. कापूस टेबलावर होता. तो म्हणाला, मी अजून सुरुवात केलेली नाही.

पुढचं त्याने शांतपणे सांगितलं. साखर कितीतरी वर्षं वाढलेली असणार. पायाच्या नसा गेल्या आहेत, डाव्याच्याही थोड्या. गोळ्या, तपासण्या, रोज रात्री तळवे आरशात बघायचे. गाडी तूर्त बंद. मी विचारलं, तूर्त म्हणजे किती. तो म्हणाला, मी सांगेपर्यंत.

सतरा पुढच्या नंबरावर होता. बाहेर येताच विचारलं, काय म्हणतो इंजिनिअर. मी म्हणालो, सर्व्हिसिंग वेळेवर करा म्हणतो. तो म्हणाला, मग मी सुटलो. मग माझ्या हातातला कागद बघितला, आणि खुर्ची सरकवून मला जायला वाट दिली. आजवर त्याने कधी खुर्ची सरकवली नव्हती.

घरी बायकोला कागद दाखवला. तिने दोनदा वाचला, चष्मा काढला. मग एवढंच विचारलं, पोरीला मी सांगू का तुम्ही सांगता. मी सांगतो, म्हणालो. नक्की ना, म्हणाली. नक्की, म्हणालो.

ऑफिसला बसने जायचं ठरवलं.

२७ ऑक्टोबर, गुरुवार

बसने गेलो. मुलीला फोन केला. तिनेच बोलायला सुरुवात केली : नव्या साड्या इस्त्रीला टाकल्यात, बँकेतल्या मैत्रिणींनी खुर्ची राखून ठेवली आहे, आणि बाबा, तुम्ही नसता तर मी हे करूच शकले नसते. मग नातीला फोनवर आणलं. नातीने माझ्याशी काही न बोलता दोन मिनिटं श्वास घेतला. सांगण्याजोगी वेळ नव्हती.

बायको विचारत होती, बोललात का. हो, म्हणालो. बोललो तर होतोच.

२९ ऑक्टोबर, शनिवार

मुलीची सूचना, मंगळवारच्या आधी एकदा रंगीत तालीम करू या. नातीला सवय होईल. बायको तेव्हा शाळेत. नाही म्हणायला कारण हवं होतं. कारण होतं, पण ते फार मोठं होतं, छोटं एखादं सुचेना.

नात मागे, तिच्या लहान सीटमध्ये, पट्टा बांधून. मुलगी तिच्याशेजारी. वाटेत सर्व सुरळीत. मी तिसऱ्या गियरमध्ये चाळीसवर, सूत्राप्रमाणे. मुलगी म्हणाली, बाबा, किती हळू चालवता, मस्त. पाळणाघराच्या फाटकाशी गाडी पहिल्या गियरमध्ये रांगत आणली, तर समोर एक बाई एका मुलाचा हात धरून उभ्या होत्या. मी ब्रेकवर पाय ठेवला.

गाडी थांबली नाही. हातभर पुढे गेली. मी जास्त दाबलं, तर आणखी जोरात पुढे गेली. मग मी खाली बघितलं. पांढरी पट्टी मोकळी होती. बूट शेजारच्या पेडलवर होता.

हँडब्रेक ओढला. हात शाबूत आहेत. गाडी गचका खाऊन बंद पडली. बाईंनी मुलाला उचलून कडेवर घेतलं होतं. बंपर आणि त्यांच्यामध्ये वीतभर अंतर असेल. मी काच खाली करून म्हणालो, उतार आहे जरा इथे. त्यांनी रस्त्याकडे बघितलं. रस्ता सपाट होता.

मागे नात हसत होती. तिला वाटलं, मी मुद्दाम केलं. पुन्हा कर म्हणत होती. मुलगी म्हणाली, नव्या बुटांनी झालं असेल, बाबा, मंगळवारी जुने घाला.

हो, म्हणालो.

३० ऑक्टोबर, रविवार

काही नाही.

३१ ऑक्टोबर, सोमवार. संध्याकाळी ६.००

महिना संपला. टाकी भरली नाही, भागाकार केला नाही.

बायको समजते की मी मुलीला सांगितलं आहे आणि त्यांनी दुसरी काही सोय केली आहे. मुलगी समजते की सांगण्यासारखं काही नाही. दोघीही माझ्यावर विसंबून आहेत. आता बायको आतल्या खोलीत वह्या तपासते आहे. मुलीचा मघाशी मेसेज आला, उद्या आठला तिला खाली घेऊन उभी राहते, मग मी बस पकडते. मी अंगठा पाठवला.

डॉक्टरच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. खरं सांगायचं तर पायाचं मला त्याच्या आधीपासून माहीत होतं. जूनमध्ये एकदा अंघोळ करताना उजव्या पायावर साबण पडला, तो पडलेला दिसला, लागला नाही. टोपी, तेल, बूट, कोशाचे खंड, यातल्या कशानेही काही होणार नव्हतं हेही माहीत होतं. पेडलवर पाय आहे की नाही हे बघितल्याशिवाय मला कळत नाही. बघायला गेलं की रस्ता दिसत नाही.

मुलीला सांगितलं तर ती उद्या रुजू होणार नाही, आणि बँक तिसऱ्यांदा बोलावणार नाही. म्हणून सांगत नाही, असं मी चार दिवस स्वतःला सांगतो आहे. ते खरं नाही. काहीतरी तोड निघाली असती. मेस्त्रीसुद्धा म्हणाला असता, मी सोडतो पोरीला.

शनिवारी फाटकाशी त्या बाई आणि ते मूल एवढ्या जवळ होते, मागे नात होती, आणि तरी घरी येताना मी वाटेत चौथ्या गियरमध्ये पेट्रोल किती वाचतं याचा विचार करत होतो.

पायाचं एक वेळ औषधपाणी होईल. मला भीती वाटते ती याची, की कोणी अडवलं नाही तर उद्या सकाळी आठ वाजता मी गाडी काढीन.